दुसरी उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ, आशा धरून बसलेला. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकणारा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण. पुढे हा शब्द निवडणुकीत आणि मुलाखतीच्या खोलीत गेला, आणि त्यातला शिकण्याचा भाग गळून पडला. विज्ञानातल्या आंतरविद्याशाखीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज करणाऱ्याला मात्र तो जुनाच अर्थ लागू पडतो. डॉक्टरेट मिळवलेला माणूस दुसऱ्या शास्त्राच्या दारात पुन्हा शिकाऊ म्हणून उभा राहतो आणि तेवढा काळ पोटाची सोय करा म्हणतो. मागणी एवढीच असते.

अर्जाचा नमुना मात्र वेगळेच विचारतो. कोणत्या महिन्यात काय साध्य होईल? या विषयातले तुमचे आधीचे निबंध कोणते? पदार्थविज्ञान सोडून जीवशास्त्राकडे निघालेल्या उमेदवाराने याला काय उत्तर द्यावे? परीक्षकांतला जीवशास्त्रज्ञ म्हणतो, याला जीवशास्त्र येत नाही. पदार्थवैज्ञानिक म्हणतो, यात पदार्थविज्ञान कुठे आहे? एक ना धड, भाराभर चिंध्या, असा शेरा न लिहिताही बसतो.

शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नांची पंचाईत कळते. १९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनने अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलला पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रातल्या फेलोशिपसाठी पाच लाख डॉलर दिले. डॉक्टरेटनंतर काही वर्षे नुसते संशोधन करण्याची सोय तिथे रुजली, पण शास्त्रांच्या भिंती जागच्या जागी होत्या. १९३२ मध्ये वॉरन वीव्हर हा गणिती त्याच फाउंडेशनच्या निसर्गविज्ञान विभागाचा प्रमुख झाला. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राची साधने जीवशास्त्राला जुंपायची, हे त्याचे धोरण होते. १९३८ च्या अहवालात त्याने या कामाला ‘रेणवीय जीवशास्त्र’ म्हटले. ज्ञानशाखेचे बारसे पैसे वाटणाऱ्याने केले, असे क्वचितच घडते.

मॅक्स डेल्ब्रुक हा जर्मन सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक याच फाउंडेशनच्या फेलोशिपवर १९३७ मध्ये कॅलटेकला पोहोचला. शिकायचे होते फळमाशीचे आनुवंशशास्त्र. त्या विषयाच्या किचकट परिभाषेत तो अडखळला. त्याच संस्थेत एमरी एलिस जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजवर, काम करत होता. डेल्ब्रुक त्याच्याशेजारी जाऊन बसला. १९३९ मध्ये फाजच्या वाढीवरचा दोघांचा निबंध आला, आणि १९६९ मध्ये डेल्ब्रुकला नोबेल मिळाले. माशी राहिली बाजूला. आजच्या प्रगती-अहवालाच्या भाषेत हे ‘उद्दिष्ट असाध्य’ ठरले असते.

जेम्स वॉटसनची गोष्ट याच्या उलट बाजूची. १९५० मध्ये तो जीवरसायनशास्त्र शिकायला फेलोशिपवर कोपनहेगनला गेला. तिथे मन रमले नाही. १९५१ मध्ये नेपल्सच्या एका सभेत डीएनएचे क्ष-किरण चित्र पाहिले आणि त्याने केंब्रिज गाठले. फेलोशिप देणाऱ्या मंडळाने ही बदली मान्य केली नाही. पुढे मुदत कापून त्याची बोळवण केली. १९५३ मध्ये दुहेरी सर्पिलाचा शोध लागला. यावरून कुणी असा धडा घेऊ नये, की मंडळाला न विचारता गाव बदलावे. नियम मोडणाऱ्यांपैकी जे यशस्वी झाले, त्यांचीच नावे इतिहासात उरतात. पण दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. अर्जातला बेत फसला. त्यातून विकत घेतलेली सवड कामी आली.

आपल्याकडचे उदाहरण गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना १९४४ च्या सुमारास त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. आनुवंशशास्त्रात ते आजही कोसंबींच्या नावाने वापरले जाते. हजारो प्राचीन नाणी तराजूत घालून, हाताळणीने होणाऱ्या झिजेचा संख्याशास्त्रीय हिशेब मांडून त्यांनी इतिहासाचा वेध घेतला. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास करायला गेले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. मग १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यामागची कारणे वादाची आहेत, आणि सगळा दोष त्यांच्या बहुविषयी व्यासंगावर टाकणे बरोबर नाही. पण गणितज्ञाने इतिहास का लिहावा, हा प्रश्न त्यांच्या मागे सतत राहिला, हे खरे.

फेलोशिप देणाऱ्यांपैकी काहींनी या इतिहासातून शहाणपण घेतले आहे. १९८९ पासून स्ट्रासबर्गहून चालणाऱ्या ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची एक फेलोशिप खास जीवविज्ञानाबाहेर डॉक्टरेट केलेल्यांसाठी आहे. पदार्थविज्ञान, गणित, अभियांत्रिकीतल्या माणसाने तिथे आधीच्या कामाची शेपटी वाढवायची नाही, नवी वाट धरायची. मुदत तीन वर्षे. नव्या विषयातले अज्ञान इथे पात्रतेच्या रकान्यात बसते. आपल्या राष्ट्रीय पोस्ट डॉक्टरल फेलोशिपची मुदत दोन वर्षांची आणि वयाची अट पस्तिशीची राहिली आहे. आपल्याच विषयात पुढे जाणाऱ्याला दोन वर्षे पुरतात. विषय बदलणाऱ्याचे पहिले वर्ष नवी भाषा कळण्यात जाते आणि दुसरे पुढच्या नोकरीचे अर्ज भरण्यात.

वेंकी रामकृष्णन यांचा हिशेब पाहा. १९७६ मध्ये पदार्थविज्ञानात डॉक्टरेट. मग सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राचे धडे. मग येलमध्ये रायबोसोमवर पोस्टडॉक. त्यानंतरही अध्यापकाच्या जागेसाठी सुमारे पन्नास विद्यापीठांना केलेले अर्ज वाया गेले. २००९ मध्ये नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.

मग अर्जदाराने करावे काय? दोन्ही शास्त्रांत पारंगत असल्याचा आव आणू नये. तो पहिल्याच परीक्षकापुढे गळून पडतो. मला काय येते, काय येत नाही, ते कुणाच्या शेजारी बसून शिकणार आणि माझ्याजवळचे कोणते हत्यार तिथे नवे ठरेल, हे सरळ लिहावे. बेत जरूर द्यावा, पण तो फसला तर हाताशी काय उरेल, हेही सांगावे. यजमान प्रयोगशाळेचे नाव नुसते वजनासाठी घालू नये. डेल्ब्रुकला एलिस भेटला तो योगायोगाने; अर्जदाराला आपला एलिस आधीच शोधता येतो.

देणाऱ्यांवरची जबाबदारी मोठी आहे. वीव्हरच्या काळात फाउंडेशनचे अधिकारी प्रयोगशाळा हिंडत, माणसे पारखत. आज अर्जांच्या ढिगाऱ्यापुढे ते जमणार नाही. पण शिकण्याचे एक वर्ष मुदतीत धरणे, वयाऐवजी विषय बदलल्यापासूनचा काळ मोजणे आणि परीक्षकांत एक तरी स्वतः शाखा ओलांडलेला माणूस बसवणे, याला काही फार पैसा लागत नाही.

कचेरीतल्या जुन्या उमेदवाराला पगार नसे, पण कोणती खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहायची हे त्याला ठाऊक असे. आपल्या विद्यापीठांतल्या जाहिराती अजूनही शाखानिहाय निघतात, आणि पदवी त्याच शाखेची मागतात. या उमेदवाराला आपण पगार देऊ लागलो आहोत. त्याच्यासाठी खुर्ची मात्र अजून घडवलेली नाही.