डोळ्यांच्या थेंबांची बाटली सामाईक नसावी

मळणीचे दिवस आले की आपल्या धर्मग्रामात लाल डोळ्यांची माणसे दिसू लागतात. भाताचे तूस, उसाच्या पाचटाची धूळ, चुलीचा धूर आणि आगमनकाळातला कोरडा वारा. डोळे चुरचुरतात, आत वाळू गेल्यासारखे वाटते. मग फळीवरची बाटली खाली येते. ती कोणाची, कशासाठी आणलेली, केव्हा उघडलेली, हे कोणी विचारीत नाही. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब सुनेच्या डोळ्यांत, मग नातवाच्या डोळ्यांत. काटकसर आणि वाटून घेणे हे आपल्या घरांचे गुण खरे. पण डोळ्यांच्या थेंबांपुरते ते दोन्ही बाजूस ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोरड्या डोळ्यांसाठी मिळतात ते थेंब म्हणजे नकली अश्रू. त्यांच्या बाटलीवर कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा हायप्रोमेलोज असे नाव असते. ते डोळा ओला ठेवतात, एवढेच. शस्त्रक्रियेनंतर देतात त्या थेंबांत मात्र बहुधा स्टिरॉइड असते: डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी त्यांची नावे. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून लोकांना ते गुणकारी वाटते. पण डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते घालीत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. ‘लालीचे काहीतरी द्या’ म्हणून दुकानात मागणे आणि दुकानदाराने चिठ्ठीवाचून ते देणे, दोन्ही गैर. वैद्यांच्या लेपांनी तोबिताच्या डोळ्यांतील पांढरे डाग वाढतच गेले, हे पवित्र शास्त्रात आपण वाचतोच. मध, एरंडेल किंवा आईचे दूध डोळ्यांत घालण्याची चालही सोडावी.

थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. मान मागे करून खालची पापणी किंचित ओढावी, एकच थेंब टाकावा आणि डोळा मिनिटभर शांतपणे मिटावा. बाटलीचे टोक पापणीला, बोटाला, कशालाही लागू देऊ नये. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण महिन्याने, निम्मी उरली असली तरी, ती टाकून द्यावी. (येथेच आपला हात अडतो, हे आम्ही जाणतो.) दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील तर टिकाऊपणासाठी द्रव्य न घातलेल्या, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, बाटलीतील त्या द्रव्यानेच डोळा चुरचुरू शकतो.

स्वच्छतेची बाब क्षुल्लक नाही. २०२३ साली अमेरिकेत नकली अश्रूंच्या थेंबांशी निगडित जंतुसंसर्ग पसरला. थेंब आपल्या देशात, चेन्नईजवळ तयार झालेले होते. अठरा राज्यांतील ८१ जणांना बाधा झाली. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे मरण पावले. ती बाटली अनेक वेळा वापरायची, पण जंतू रोखणारे पुरेसे द्रव्य तिच्यात नव्हते. कारखान्यातील दोष आपल्या हाती नाही. फळीवरची बाटली आहे.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांसाठी. उसाचे पान डोळ्याला कापून गेले, भाताचे कुसळ शिरले, तर तो कोरडा डोळा नव्हे. अशा जखमेतून बुरशी बुबुळात शिरते व तेथे व्रण होतो; त्यावर स्टिरॉइड पडले तर बुरशीला रान मोकळे. डोळा चोळू नये, कुसळ स्वतः टोकरू नये. दुखणे, प्रकाश सहन न होणे, नजर धूसर होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, मळणी अर्धी राहिली तरी चालेल. काय लागले ते डॉक्टरांना सांगावे आणि घरी आधी काही घातले असेल तर ती बाटलीही सोबत न्यावी.