आधी निदान, मग खर्च

अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांतील पांढरा कांदा, आंबा व नारळ बाजारपेठेस पोहोचविण्यात जुन्या पिकअप गाड्यांचा वाटा मोठा आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि माल भरलेली गाडी खिंडीत अडली, तर मानांकन भाव राखू शकत नाही. बैलगाडीच्या आसास नेमाने वंगण देणारा शेतकरी पिकअपच्या शाफ्टकडे मात्र पाहत नाही, ही शोचनीय गोष्ट होय.

लांब पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असून मध्यभागी रबरात बसविलेल्या सेंटर बेअरिंगवर फिरतो. खारी हवा, पाऊस व चिखल यांनी बेअरिंग गंजते; कालांतराने रबरही भेगाळते. घरघर सुरू होताच गिअरबॉक्स उतरविण्याची घाई केली जाते. दोष न शोधता केलेला हा खर्च म्हणजे रोग न ओळखता केलेली फवारणीच होय.

प्रथम मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. इंजिन मंदावूनही घरघर चाकांच्या वेगाप्रमाणेच राहिली, तर दोष शाफ्ट, डिफरन्शियल वा चाकांच्या बेअरिंगमध्ये शोधावा. वळणावर आवाज बदलल्यास चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. भरलेली गाडी सुटताना थरथरल्यास सेंटर बेअरिंगचे रबर, अथवा क्लच, तपासावा. पुढचा व मागचा गिअर बदलताना ‘ठक्’ असा आवाज आल्यास क्रॉस पाहावेत.

नंतर इंजिन बंद करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, मागील चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून शाफ्ट हाताने फिरवावा. बेअरिंग खरखरल्यास, रबर फाटले असल्यास अथवा क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसल्यास तो भाग बदलणे इष्ट. शाफ्ट सोडविण्यापूर्वी जोडांवर खुणा कराव्यात. चुकीच्या जुळणीने नवे बेअरिंगही लवकर निकामी होते.

ग्रीसची सोय असलेल्या क्रॉसना पावसाळ्यानंतर ग्रीस द्यावे. खाडीचे पाणी लागल्यास गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कांदा काढणीपूर्वी स्थानिक मेस्त्रीच्या साहाय्याने अशी प्रात्यक्षिके योजावीत. पीक शेतात पिकले म्हणजे शेतीचे काम संपत नाही. ते बाजारात सुखरूप उतरेपर्यंत शेतीच चालू असते.