केसपेपरवर खाणंही लिहा

'तेलकट, गोड कमी करा, रोज चाला.' आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात वजनाचा विषय एवढ्यावरच उरकतो. पेशंट मान डोलावतो, काही महिन्यांनी वजन आणखी वाढवून परत येतो आणि आपण गोळी वाढवतो. तो पथ्य पाळत नाही म्हणण्याआधी आपण त्याला नेमकं काय विचारलं होतं, हे पाहायला हवं.

'जेवणखाण कसं आहे?' असं विचारलं की 'घरचंच खातो डॉक्टर, बाहेरचं काही नाही' हे उत्तर ठरलेलं. तो खोटं बोलत नसतो. 'काल उठल्यापासून काय काय खाल्लंत ते सांगा,' असं म्हणून पाहा. उठल्यावर चहा-बिस्किटं. दहाला चहा आणि खारी. दुपारी पोळीभाजी, वर भात. चारला चहा-टोस्ट. संध्याकाळी टीव्हीसमोर फरसाण. हे सगळं घरातल्या डब्यांतूनच निघतं, म्हणून त्याच्या लेखी ते 'घरचं'. सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर साखरच ६० ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं श्रेयस्कर मानते. आपण 'गोड कमी करा' म्हणतो तेव्हा पेशंटच्या डोळ्यांसमोर पेढे-जिलबी असते, चहा नसतो.

संशोधक केविन हॉल यांचा अमेरिकेतला २०१९चा प्रयोग आपण प्रत्येकाने वाचायला हवा. २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, चरबी, फायबर यांचा मेळ घातलेला होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वाढली. साध्या अन्नावर तीच माणसं तेवढीच उतरली. कारखान्यातल्या अन्नावर ती जेवतही भराभर होती. ज्वारीची भाकरी चावावी लागते, चहात बुडवलेली खारी न चावताच घशाखाली उतरते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

त्यात आपली भारतीयांची शरीरं वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या पेशंटला नुसत्या वजनकाट्यावर उभं करून 'वजन ठीक आहे' म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे. टेप काढा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा कंबरेचा घेर बीपीशेजारी लिहा.

गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो, मान्य. पण काल दिवसभरात काय खाल्लं एवढं टिपून घ्यायला पाच मिनिटं पुरतात आणि ते काम आपली सिस्टरही करू शकते. त्यातली एकच गोष्ट बदलायला सांगा, चारचा टोस्ट किंवा चहातला दुसरा चमचा. पुढच्या खेपेला शुगरचा रिपोर्ट पाहण्याआधी तिची चौकशी करा. आणि मुलाच्या सर्दीसाठी आलेल्या आईलाही, शाळेच्या डब्यात आणि मधल्या वेळी काय देता, हे विचारा.