हृदय सावरले, मनाचे काय?

अमरावतीला अँजिओप्लास्टी होऊन अब्बा परतवाड्याला घरी येतात. सगळे अल्लाहचे शुक्र अदा करतात. पण महिना उलटला तरी ते बाज सोडत नाहीत. जेवण नको, कुणाशी बोलणे नको, रात्री छातीवर हात ठेवून जागे. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, जाईल."

तो नुसता अशक्तपणा नसेलही. हृदयविकाराचा झटका आलेल्या साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य येते. स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे. पण अम्मी कामाला लागलेली दिसली की तिची उदासी कुणाच्या ध्यानात येत नाही. मन खचले की गोळ्या चुकतात, चालणे थांबते, सुटलेली बिडी परत हातात येते. अशा रुग्णांना पुन्हा झटक्याचा धोका जास्त असतो.

म्हणून घरीच दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन रमत नाही, असे वारंवार झाले का? उदास किंवा निराश वाटत राहिले का? एकाचेही उत्तर 'हो' असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. "जगून काय फायदा?" असे शब्द निघाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रुग्णाला एकटे सोडू नका.

धास्तीनेही छातीत धडधडते, घाम फुटतो. पण ही धास्ती की झटका, हे घरी ठरवू नका. छातीत दुखले किंवा दम लागला तर 108 ला फोन करा.

काही जण याला ईमानचा कमकुवतपणा समजतात. हजरत युसूफ (अलै.) यांच्या विरहात हजरत याकूब (अलै.) यांची नजर दुःखाने गेली. नबींना इतके दुःख होते, तर आजारी माणसाला दोष का द्यावा? सबर म्हणजे उपचार टाळणे नव्हे.

समुपदेशनाने फरक पडतो. हृदयरुग्णांना चालतील अशी औषधेही आहेत. सर्ट्रालिन हे त्यांपैकी एक. मात्र मनाची काही औषधे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनच औषध घ्या आणि ते मनाने बंद करू नका.

लगेच अमरावतीला जाणे जमत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर फजरनंतर रुग्णासोबत रोज थोडे चाला. वाटेत त्याला उपदेश करू नका. त्याचे ऐकून घ्या.