ताई, तुम्ही इथे आल्यावर कन्व्हर्ट झालात का?



गेल्या गणेशोत्सवात शुगर लँडमधल्या एका घरी आरतीनंतर मोदक खाताना एकाने आमच्या शेजारच्या ताईंना अगदी सहज विचारले, "तुम्ही इथे आल्यावर कन्व्हर्ट झालात का?" ताई हसल्या. "नाही हो. आमचे पणजोबा झाले. नगरला." विषय तिथेच संपला. विचारणारा माणूस वाईट नव्हता. एरवी आपल्यातलाच, पुरोगामी. पण मराठी म्हणजे हिंदू आणि ख्रिस्ती म्हणजे परका, हे गृहीतक आपल्या डोक्यात किती खोल बसले आहे!

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला पोचले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तिथेच सुरू झाले. नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे दलित समाजातून आली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या हातात ग्रंथ आला आणि तो वाचण्यासाठी अक्षरे आली. जात चर्चमध्येही शिरली, हे खरे. तरीही रोज सकाळी स्वतःच्या भाषेत धर्मग्रंथ उघडणे ही त्या घरांसाठी नुसती भक्ती नव्हती, तो नाकारलेला हक्क होता. आज त्याच घरातली मुलगी मराठी बायबल घेऊन टेक्सासमध्ये राहते.

मी स्वतः नास्तिक. पण ताईंची दिनचर्या जवळून पाहिली आहे. पहाटे पाचला एक अध्याय, मग प्रार्थना, मग मेडिकल सेंटरची ड्यूटी. प्रार्थनेसाठी एक वही आहे. तिच्यात आजारी माणसांची नावे असतात, नोकरी गेलेल्यांची असतात आणि ज्यांच्याशी पटत नाही त्यांचीही असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात ब्राझोस नदी फुगली. पाणी ओसरल्यावर ताई तीन वीकएंड अनोळखी लोकांच्या घरांतून भिजलेले शीटरॉक उपसत होत्या. त्यात देशी घरे होती, मेक्सिकन होती. मी कौतुक केले तर म्हणाल्या, "सकाळी वाचलेलं दुपारपर्यंत विसरायचं असेल, तर वाचायचं कशाला?"

हे ऐकून पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना घर दिले. सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम चालले होते. केडगावच्या छापखान्यात बायकांनीच ते छापले.

त्याआधी, १८९३ मध्ये, त्यांच्या शारदा सदनावरून मोठा गदारोळ झाला होता. रमाबाई प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत, हा आक्षेप. आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचे दडपण येऊ शकते. पण रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि विधवांची जबाबदारी रमाबाईंकडेच राहिली. आपण पुरोगामी लोकांनी हा हिशोब कधी नीट मांडलेला नाही.

आजही चित्र फार वेगळे नाही. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. 'सुबोध बायबल' लिहिणारा, वसईच्या हिरवाईसाठी लढलेला हा माणूस काहींना पुरेसा मराठी वाटला नाही. आणि इथे, आपल्याच शुगर लँडमध्ये, २०२४ मध्ये नव्वद फूट उंच हनुमान उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्या एका टेक्सन नेत्याने हे ख्रिस्ती राष्ट्र आहे, मग खोट्या देवाचा पुतळा कशाला, असे जाहीरपणे विचारले. तेव्हा आपण सगळे खवळलो. योग्यच होते. पण उस्मानाबादच्या वेळी आपल्यापैकी किती जण खवळले होते?

त्या नेत्याचा ख्रिस्ती धर्म आणि ताईंचा ख्रिस्ती धर्म यांचे पुस्तक एकच आहे. फरक इतकाच की एक ते दुसऱ्यावर उगारतो, दुसरी ते रोज स्वतःला लावून पाहते. कोणत्याही धर्माचे मोजमाप करायचे तर मला हीच कसोटी पुरेशी वाटते. ती आरतीलाही लागू आहे.

आणि आपल्यासारख्या न मानणाऱ्यांनाही. आपण फुले-आंबेडकरांचे दाखले देतो, लेख फॉरवर्ड करतो. पण पहाटे उठून, ज्याच्याशी पटत नाही त्याचे नाव वहीत लिहिण्याची आपली सवय कोणती?

पुढच्या गणपतीला ताई येतीलच. त्यांना निदान नगरच्या गोष्टी विचारू या.