भोपळ्याचे रोल आणि जिलेबी



सुट्टीत परभणीला आलेल्या नातीने तांबड्या भोपळ्याचे तिखटमिठाचे डिनर रोल करायला घेतले. यीस्टचं पाकीट मी बाजूला ठेवलं. यीस्ट म्हणजे बुरशीच, पीठ फुगतं ते त्या जिवांमुळे. ती म्हणाली, "आजी, मग लग्नातली जिलेबी कशी चालते?" मला उत्तर सुचलं नाही. आंबवलेल्या पिठाची जिलेबी आपण आवडीने खातो आणि पावाला मात्र नावं ठेवतो! नियम असे सोयीने वाकवले, तर मुलींनी ते का मानावेत?

भोपळा वेलीवरचा, कंदमूळ नव्हे. तो वाफवून घोटला. कणीक मर्यादेतली (पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7 दिवस), ओवा, हिरवी मिरची, थोडं दही, सोडा. बेसन नाही, दह्याशी द्विदल होतं. शिट्टी काढून कुकरमध्ये मिठावर भाजले. पावासारखे हलके झाले नाहीत, घारग्याच्या जवळ गेले म्हणा. नाव डिनर असलं तरी सूर्यास्ताआधीच संपवले, शिळे ठेवायचे नव्हतेच.

जिलेबी येत्या लग्नात ताटात घेणार नाही, असं नातीला कबूल केलंय. मला फार आवडते हो ती.