विश्लेषण : साखरेचा मोह आवरायचा, तर वाणसामानाच्या यादीपासूनच का सुरुवात?

एकीकडे शाळांमध्ये साखरेचे दुष्परिणाम सांगणारे फलक लागत आहेत, तर दुसरीकडे बिस्किटे आणि चॉकलेटवरील कर कमी झाला आहे. अशा वेळी घरातल्या गोडावर लगाम कसा घालायचा? ‘मनावर ताबा ठेवा’ हा सल्ला फारसा का टिकत नाही, आणि महिन्याच्या किराणा यादीत काय बदलता येईल?

साखरेची चर्चा पुन्हा का?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्याची सूचना केली. रोज किती साखर योग्य, नेहमीच्या खाऊत आणि शीतपेयांत ती किती असते, हे मुलांना कळावे, हा त्यामागचा हेतू. ४ ते १० वर्षांच्या मुलांना दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटाला १५ टक्के उष्मांक साखरेतून मिळतात; शिफारस मात्र ५ टक्क्यांची आहे, असे मंडळाने नमूद केले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे आणि चॉकलेटवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोड शीतपेयांवर ४० टक्के कर असला, तरी मुलांच्या डब्यात आणि घरच्या डब्यांत रोज जाणारा गोड खाऊ स्वस्त झाला.

देशातील स्थिती किती गंभीर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे राष्ट्रीय निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असून, सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याला साखर हेच एकमेव कारण नाही. आनुवंशिकता, वजन, बैठी जीवनशैली, भात-मैद्यावर भर असलेला आहार हेही घटक आहेत. मात्र, वरून घातलेली साखर हा त्यातला घरी सर्वात सहज बदलता येणारा घटक आहे.

घरात साखर किती लागते, हे कसे मोजायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी असावेत. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा छोटे चमचे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून तीनदा घेतला, की ही मर्यादा चहातच संपते.

आता हाच हिशेब किराणा यादीला लावू. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकी २५ ग्रॅम धरले, तर महिन्याला ३ किलो साखर होते. घरी ५ किलो येत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम पडतात. शिवाय या ३ किलोंत गूळ, मध, बिस्किटे, सॉस, जॅम, शीतपेये आणि दुधात घालायच्या पावडरींतील साखरही धरायची आहे. लहान मुलांची मर्यादा तर याहूनही कमी. म्हणजे साखरेची पिशवी ३ किलोंची असली, तरी ती जास्तच आहे.

मनोनिग्रह का पुरत नाही?

गोड खाल्ल्यावर मेंदूतील सुखाची जाणीव देणारी यंत्रणा चाळवते आणि ठरलेल्या वेळी ठरलेला पदार्थ खाण्याची सवय लागते. चार वाजता चहा झाला, की हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जातो. भूक लागलेली असताना, झोप अपुरी झालेली असताना हा मोह आणखी वाढतो. दिवसभर दमून आलेल्या माणसाने समोरच्या डब्याशी रोज झगडावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

घरात काय उपलब्ध आहे, याचा परिणाम किती खोल असतो, हे ब्रिटनच्या उदाहरणातून दिसते. दुसऱ्या महायुद्धात तेथे सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये संपले आणि साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला. लोकांचा मनोनिग्रह एका महिन्यात ढळला नव्हता. साखर सहज मिळू लागली होती. गर्भावस्थेत आणि आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत रेशनिंग अनुभवलेल्यांना पुढे टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला, असे ‘सायन्स’ नियतकालिकातील २०२४ च्या अभ्यासात म्हटले आहे.

पाकिटावर काय पाहावे?

पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा असावा, हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी करण्यास सांगितले आणि नंतर मुदतवाढ दिली. तोवर पाकीट उलटून वाचण्याला पर्याय नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. पहिल्या तिनांत साखर असेल, तर तो पदार्थ गोडच समजावा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज ही साखरेचीच नावे. साखर अशी तीन-चार नावांत विभागली गेली, की यादीत प्रत्येक नाव खाली सरकते. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘अ‍ॅडेड शुगर’चा आकडा पाहावा. घन पदार्थात १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत साखर असेल, तरच ‘लो शुगर’ असा दावा करता येतो.

गूळ, मध किंवा गोळ्या हा पर्याय आहे का?

गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि उष्मांकही जवळपास तेवढेच. मधाचेही तसेच. साखरेऐवजी चहात गूळ घालून प्रमाण तेच ठेवले, तर फारसे काही साधत नाही. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही.

मग डब्यांत काय भरावे?

फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, कुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, मखाणे हे चार वाजताच्या भुकेसाठी. थालीपिठाची भाजणी, मटकी-मूग, हरभरे हे पोटभरीसाठी. जवस, कारळ, तिळाच्या चटण्या तोंडाला चव आणतात आणि सॉसची जागा घेतात. फळे डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावीत. गोड खाऊ वरच्या फळीवर नव्हे, यादीबाहेरच ठेवावा. चहातली साखर एकदम बंद न करता दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. नंतर पूर्वीचाच चहा जास्त गोड वाटू लागतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी मात्र थोडी साखर हाताशी असायलाच हवी. रक्तातील साखर अचानक उतरल्यास ती उपयोगी पडते. आहारातील बदलही डॉक्टरांना विचारून करावेत.

सणाच्या पुरणपोळीचे काय?

होळीची पुरणपोळी, दिवाळीचे लाडू यांना पंचांगात ठरलेली तिथी आहे. रोज चहाबरोबरच्या चार बिस्किटांना तशी तिथी नाही, आणि वर्षभराचा हिशेब तिथेच बिघडतो. सणाचे गोड पानात राहू द्यावे, रोजचे यादीतून काढावे. पुढच्या महिन्याची यादी लिहिताना साखरेपुढचा आकडा एक किलोने कमी करणे, ही सुरुवात पुरेशी आहे.